तिसरी फूक

करंजीच्या फाट्यावर, पंक्चरच्या पाटीखाली,
ट्रॅक्टरमागं दोरानं ओढत आणली ती निळी गाडी.
भर मे. डांबर चपलेला धरत होतं.
रज्जाक उस्तादनं बोनेट उचललं
अन् बराच वेळ नुसतं पाहत राहिले,
पाहुण्याच्या घरी पाण्याचा माठ शोधावा तसं.
"पिस्टन कुठी आहे बे हिचा?"

पिस्टन नव्हताच.
कुंदाबाई डाखोरे, वणीच्या खाणीत सर्व्हेअर,
भावानं जपानहून बोटीनं आणलेली गाडी चालवणाऱ्या,
उलट्या डब्यावर बसल्या अन् धुळीत बोटानं काढलं:
भुईमुगाची दोन दाण्यांची शेंग असते ना,
तसं बाहेरचं घर.
आत एक शिंगाडा.
तो फिरतो, जरा तिरपा, जरा डुलत,
तीन टोकं भिंतीला लावून,
भिंत कधी सोडत नाही.
वर-खाली काही नाही. वाल्व नाही.

"सामान कमी," उस्ताद म्हणाले,
"म्हंजे दुखणं लपायलेही जागा कमी."

मी दहावी नापास. पुस्तक माझ्या हाती दिलं.
एकेक अक्षर लावत वाचलं:
तेल हिच्या पोटात थेंबथेंब सोडलेलंच असतं,
जाळण्यासाठी, टोकं ओली राहावी म्हणून.
"अन् तुम्ही?"
"गळती समजले. सहा महिने टाकलंच नाही."
"चालवता किती?"
"क्वार्टर ते ऑफिस. दीड किलोमीटर. अगदी जपून,
गरम व्हायच्या आत बंद."
उस्तादनं विडी विझवली.
"जपूनच मारलं तुम्ही हिले, बाई."

प्लग काढला. भोकावर माझा अंगठा.
उस्तादनं स्टार्टर फिरवला.
एका शिंगाड्याच्या तीन बाजू, तीन फुका.
फूक.
फूक.
मग काहीच नाही.
फूक. फूक. काहीच नाही.
पाच वेळा केलं. माझा अंगठा काळा झाला,
त्या रिकाम्या जागेची सवय झाली.

उघडली तेव्हा आतल्या भिंतीवर चरे,
वखर फिरल्यासारखे, बारीक, एकाला एक लागून.
अन् तिसऱ्या टोकाची पट्टी तुटलेली,
बोटाएवढी लांब, आगकाडीएवढी जाड.
एवढ्याशासाठी एवढी गाडी
ट्रॅक्टरच्या मागं.

बाईंनी विचारलंच: किती टिकेल?
उस्तादनं रस्त्यापलीकडच्या कमांडरकडं पाहिलं.
चार लाख किलोमीटर, तीन मालक, दोन अपघात,
सकाळी चौदा सवाऱ्या घेऊन पांढरकवड्याला गेलेली.
"तशी नाही टिकणार. लाखाच्या आसपास
पुन्हा उघडावी लागन. कदाचित आधीच.
हे घासूनच जगतं, घासूनच जाते."
बाई म्हणाल्या, "बरं."
मले वाटलं होतं, विकतील.

पट्ट्या हैदराबादहून आल्या, चाळीस दिवसांनी,
बसच्या टपावर, चपलांच्या खोक्यात.
सुरू झाली तेव्हा ठोका नव्हता,
आग्यामोहोळ उठावं तसा आवाज,
चहाच्या टपरीवरचे दोघं खरंच वर पाहून उठले.

हजार किलोमीटर हळू चालवून
बाई परत आल्या, पोळ्याच्या आदल्या दिवशी.
उस्ताद म्हणाले, आता हिले रोज एकदा
मोठ्यानं बोलू द्यायचं,
अन् स्वतः बसले, मले मागं घेतलं.
खुनी नदीच्या पुलापर्यंत काटा लालात.
उस्तादचे दात दिसत होते. मी ते आधी
फक्त ईदला पाहिले होते.

पुढं बाईंची बदली झाली, माजरीला की बल्लारपूरला.
गाडी किती चालली, मले माहीत नाही.
आता माझं दुकान आहे, उस्तादच्याच जागेवर.
गिऱ्हाईक विचारते, किती टिकन,
मी आधी अंगठा ठेवतो.

तो तुटका तुकडा पान्यांच्या पेटीत आहे.
जुने गॅस्केट खरवडायले तोच काढतो.
एकोणीस वर्षं झाली.
अजून धार लावावी लागली नाही.